बापावर गेली

"मॅडम, चप्पल काढा आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहा," भुसारी सर म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. "मी? अहो सर, खेळायचं पोरीला आहे."

"पोरीला पाहतो ना मागून. आधी आईबाप."

वर्धा रोडवरच्या त्या बास्केटबॉल अकादमीत निवडीचा दिवस होता. एप्रिलचा महिना, नागपूरचं ऊन, आणि आत हॉलमध्ये चहूकडून कूलर सोडलेले. लाकडी फरशी अशी चकचकीत, की तिच्यावर पाय ठेवायचा धीर होईना. एका भिंतीवर सेंटिमीटरच्या रेघा आखल्या होत्या आणि तिच्यापुढे पोरांची नव्हे, पालकांची रांग लागली होती. बुटक्या आया हळूच टाचा उचलत होत्या आणि सर "टाचा खाली, ताई" म्हणून त्यांना दटावत होते. एका गृहस्थांनी तर भांग विस्कटून केस उभे करून ठेवले होते. मला मनातल्या मनात हसू फुटत होतं. रांगेतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे हेव्यानं पाहावं, असं माझ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

कारण मी पाच फूट नऊ इंच. आज ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं. माझ्या वेळी यवतमाळात मला 'शिडी' म्हणायचे. लग्नाच्या बाजारात एवढ्या उंचीपेक्षा पत्रिकेतला मंगळ परवडला! कितीतरी स्थळं घरी येऊन पोहे खाऊन गेली आणि "मुलगी छान आहे, पण..." असा निरोप धाडून मोकळी झाली. शेवटी वीज मंडळातले दिवाकर गावंडे आले. सहा फूट दोन इंच. आमच्या दारातून आत येताना ते वाकले, तशी माझी आई देवापुढे साखर ठेवायला धावली. लग्नात यांचे मित्र मला म्हणाले होते, "वहिनी, पाळणा जरा लांब करून घ्या बरं."

तर भिंतीला आधी मी उभी राहिले, मग हे. सरांनी यांच्या डोक्यावर पट्टी टेकवली, रेघ वाचली आणि चक्क शीळ घातली. "वा, साहेब, वा! आणि मॅडम, तुम्हीसुद्धा! अहो, होते कुठे तुम्ही इतके दिवस?"

आमची रुजुता तेव्हा दहा वर्षांची. बाकावर बसून पाय हलवत होती. सरांनी बोलावलं तशी उडी मारून आली. शाळेच्या प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागली की ती पुढून दुसरी असायची. सरांनी तिच्याकडे जेमतेम पाहिलं. तिच्या हातात चेंडू द्यावा, असंही त्यांच्या मनात आलं नाही.

"आत्ता लहानखुरी दिसते, सर," मीच म्हटलं.

"दिसू द्या हो. खाण तशी माती, मॅडम. दहावीला जाईल तेव्हा ही तुमच्या डोक्यावर टपली मारेल. हिला मी थेट बास्केटखाली उभी करतो. उंच पोरींची जागा तीच. चार वर्षांत बघा, राज्याच्या संघात नाही गेली तर सांगा."

दिवाकरांनी घसा खाकरला. "सर, एक सांगायचं होतं..."

मी मागून यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की पुढचे शब्द यांनी गिळूनच टाकले. "सकाळची बॅच किती वाजता असते, ते विचारत होते हे," मी म्हटलं.

यांना काय सांगायचं होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. रुजुता आमच्या पोटची नव्हती. पुष्कळ वर्षं डॉक्टर आणि नवससायास करून दमल्यावर आम्ही तिला वर्ध्याच्या एका संस्थेतून आणलं, अकरा महिन्यांची. लगेच यांनी बदली मागून घेतली आणि नागपुरात मानेवाड्याच्या नव्या कॉलनीत आम्ही कडेवर पोरगी घेऊनच उतरलो. संस्थेतल्या बाईंनी हात धरून बजावलं होतं, "तिला लहानपणापासून सांगत राहा, गोष्ट सांगितल्यासारखं." आम्ही हो हो म्हटलं. मग बोलायला लागली की सांगू, शाळेत गेली की सांगू, चौथीची परीक्षा तर होऊ दे. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "शैला, नाक मात्र बापाचं हो पोरीचं." मी म्हणायचे, "हो ना बाई, बापावरच गेली." पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर सवय झाली.

घरी आल्यावर रुजू खाली खेळायला गेली, तसे दिवाकर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सांगायला पाहिजे होतं, शैला. तो माणूस आपली हाडं मोजून राहिला, पोरीची नाही."

"मग काय गावभर दवंडी पिटायची?"

"एकाच माणसाला. कानात."

"कानातलं कुठवर जातं ते मला माहीत आहे. उद्या तेच तिच्या कानात जाईल."

"मग त्याच्या आधी आपण सांगू."

"सांगू म्हटलं ना! उन्हाळ्याची सुट्टी तर संपू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी स्कूटर काढली आणि आम्हा दोघींना नंदनवनात घेऊन गेले. तिथं एका शाळेच्या मागं सिमेंटचं मैदान होतं आणि कुंदाताई निमजे पोरींना शिकवायच्या. त्या एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेल्या होत्या. बाई पाच फुटाच्या, पण आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवाला दचकावा. त्यांनी आमची नावंही विचारली नाहीत. रुजूच्या अंगावर चेंडू फेकला आणि म्हणाल्या, "चल गं चिमणे, आपटत आपटत ये माझ्याकडे. पण चेंडूकडे पाहायचं नाही. माझ्या डोळ्यांत पाहायचं."

रुजू निघाली. मध्येच एक दांडगी पोरगी तिच्या वाटेत आली. रुजूनं तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि चेंडू भलतीकडेच, कोपऱ्यातल्या एका मोकळ्या पोरीच्या हातात अलगद देऊन टाकला.

"अगं माय!" कुंदाताई ओरडल्या. "हिला पाठीला डोळे आहेत की काय! ए, पुन्हा कर बरं."

तिनं पुन्हा केलं. मग कुंदाताई घाम पुसत आमच्याकडे आल्या. "गार्ड आहे ही तुमची पोरगी. सगळा खेळ जिच्या हातातून जातो ना, ती. हे शिकवून येत नाही, ताई. माझ्याकडे द्या हिला."

"पण उंची?" मी विचारलं.

"नाही वाढली तर काय बिघडलं? मी कुठं ताडमाड आहे? मला ही आहे तेवढीच पाहिजे."

मला ते झोंबलं. "का नाही वाढणार? आमच्याकडे पाहा ना जरा."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. "मी तर पोरीकडेच पाहून राहिली," त्या म्हणाल्या आणि शिट्टी वाजवत निघून गेल्या.

बिचारीच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, हिनं ओळखलं. रोज सकाळी या बाईसमोर उभं राहायचं, आणि ही कधी आम्हा दोघांकडे, कधी पोरीकडे पाहणार. नको रे बाबा.

परत येताना रुजू स्कूटरवर आमच्या दोघांच्या मधून ओरडत होती, "आई, मला इथंच यायचं! त्या ताई भारी आहेत!"

मी तिला समजावलं. सिमेंटवर गुडघे जातात. उन्हात काळी पडशील. तिकडे कूलर आहेत, लाकडी फरशी आहे, न्यायला आणायला बस आहे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. रुजूनं दोनदा "पण आई" म्हटलं आणि मग सोडून दिलं. तिला हट्ट करायची सवय नव्हती. सोमवारी मी तिला अकादमीत घातलं.

तिथं तिला बास्केटखाली उभी केली. बास्केटकडे पाठ करायची, अंगावर येणाऱ्या धिप्पाड पोरींना पाठीनं रेटायचं, वरून येणारा चेंडू उडी मारून पकडायचा. चेंडू तिच्या डोक्यावरून निघून जायचा. कोपरं मात्र बरोबर तोंडावर बसायची. एकदा दात हलला, एकदा भुवई फुटली. घरी आली की आरशात पाहून म्हणायची, "वाढली की मी पाहतेच एकेकीला."

वर्षं जात होती आणि फ्रॉक तोकडे होत नव्हते. सर मला बाजूला घेऊन म्हणायचे, "काय हो मॅडम, आडात आहे आणि पोहऱ्यात येईना? साहेबांची उंची कोणत्या वर्षी वाढली?"

"दहावीनंतर," मी एकदा ठोकून दिलं. "एका उन्हाळ्यात. पँटी पुरेनात म्हणे."

यांची उंची केव्हा वाढली ते मला काय माहीत? उचलली जीभ लावली टाळ्याला. पण रुजू मागंच उभी होती. त्या दिवसापासून तिच्यासाठी ते वेदवाक्य झालं. अकादमीतल्या छोट्या संघात एकदा गार्डची जागा रिकामी झाली, तेव्हा सरांनी आपण होऊन तिला विचारलं. तर ही म्हणते, "नको सर, मी दहावीनंतर वाढणार आहे. मग मला पुन्हा बास्केटखालीच यावं लागेल ना." मला हे तिनंच घरी येऊन सांगितलं, किती हुशारीनं उत्तर दिलं म्हणून. मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

दिवाकरांनी सामन्यांना येणं सोडलं. "मला पाहवत नाही," एवढंच म्हणायचे. मी यांच्यावरच चिडायचे.

ती चौदाची झाली आणि सरांचा धीर संपला. त्यांनी आम्हाला सीताबर्डीच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मनगटाचा एक्स-रे काढला की उंची किती वाढायची उरली आहे ते कळतं म्हणे. हे दौऱ्यावर होते, म्हणून मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला लावली आणि पोरीला जवळ बोलावून दाखवलं.

"हे बघ बेटा, लहान मुलांच्या हाडांत इथं फट दिसते. तिथून हाड वाढतं. तुझी फट बुजत आली आहे. आता तू पाच फूट एक आहेस ना, तेवढीच राहणार. वाढली तर बोटभर."

"दहावीनंतर?" रुजूनं विचारलं.

"नाही बेटा. झाली वाढ."

मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. "वडील किती उंच?"

"सहा-दोन," रुजूच म्हणाली.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "असंही होतं कधीकधी. मुलं आजी-पणजीवर जातात."

"हो, हो," मी घाईनं म्हटलं, "माझी आजी अगदी एवढीशी होती." माझी आजी आमच्या गावात बाप्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहणारी बाई. तिलाही मी त्या दिवशी बुटकी करून टाकलं.

बाहेर दवाखान्याच्या आवारात एक कडुलिंब होता. त्याच्या सावलीत माझी गाडी उभी होती. मी किल्ली काढली, पण रुजू बसेना. पायानं माती उकरत उभी राहिली.

"आई, तुला एक सांगायचं आहे. रागावशील."

"नाही रागावणार. बोल."

"सरांनी दोन वेळा दूध प्यायला सांगितलं होतं ना, उंचीसाठी? तू रोज करून द्यायची. मी ते मोरीत ओतून द्यायची. म्हणजे रोज नाही. पण पुष्कळदा." तिनं बाहीनं नाक पुसलं. "मला सायीचा वास येतो गं, आई. तू पूजेला बसली की ओतायची आणि वरून पाणी टाकायची. म्हणून नाही वाढली मी. बाबा इतके उंच, तू इतकी उंच, आणि मी... सगळं माझ्यामुळे वाया गेलं."

आणि ती रडायला लागली. भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, चौदा वर्षांची पोर.

आता खरं सांगते. त्या क्षणी ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं पुढे ढकललेलं, घडी करून ठेवलेलं. बाळा, दुधाचा काही संबंध नाही. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तेवढं म्हटलं की ती विचारणार, मग कशाचा संबंध आहे? आणि मग मला उंची मोजायच्या त्या भिंतीपर्यंत जावं लागलं असतं. मला अकादमी लाकडी फरशीसाठी हवी नव्हती की कूलरसाठी हवी नव्हती. सगळ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या उंचीला 'वा' म्हटलं होतं आणि त्याच दमात ही पोरगी माझ्याच हाडामांसाची आहे असं चारचौघांत सांगून टाकलं होतं. ते मला ऐकायचं होतं. रोज ऐकायचं होतं. त्यापायी मी पोरीला चार वर्षं कोपरं खायला उभी केली होती. हे कोणत्या तोंडानं सांगणार?

मी तिचे डोळे पदरानं पुसले. "जाऊ दे," मी म्हटलं. "झालं ते झालं. पुन्हा असं करू नको. मी माफ केलं, जा."

माफ केलं! तिनं मला कमरेला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "तू खूप चांगली आहेस, आई."

पुढचं आधी सांगून टाकते. अकादमी सुटली. आम्ही तिला कुंदाताईंकडे नेलं आणि त्या बाईनं मागचं एक अक्षर न काढता तिला घेतलं. पण चार वर्षांची सवय अंगात मुरलेली. चेंडू हातात आला की रुजू आधी पाठ फिरवायची. कुंदाताई एकदा मला म्हणाल्या, "हात अजून आहे हो पोरीचा. पण गेलेली वर्षं मी कुठून आणू?" कॉलेजपर्यंत खेळली. विद्यापीठाच्या संघात राखीव म्हणून एकदा गेली, मैदानात उतरली नाही. आता पुण्याला नोकरी करते. टीव्हीवर सामना लागला की बसून पाहते आणि कोणती पोर मोकळी आहे ते खेळणाऱ्याच्या आधी सांगते.

पण मला सांगायचं आहे ते त्या एक्स-रेनंतरच्या सकाळचं.

मी दुधाचा ग्लास ओट्यावर ठेवला. रुजू आली, नाक धरून तिनं तो एका दमात संपवला, डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्यासमोर ग्लास उलटा धरून दाखवला. एक थेंब पडला नाही. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उंची तर आता वाढणार नव्हती. ते दूध ती माझ्यासाठी पीत होती.

मग रविवार आला. दिवाकर दौऱ्यावरून परतले होते, टेबलाशी चहा घेत होते. रुजूनं ग्लास संपवला आणि उलटा धरला.

"हे काय आहे गं?" यांनी विचारलं.

"आईला दाखवते," ती म्हणाली आणि यांना सगळं सांगितलं. दूध ओतल्याचं, डॉक्टरांचं, कडुलिंबाखालचं. अगदी सरळ, काही न लपवता. "आईनं माफ केलं मला. पण तिला खात्री पटायला पाहिजे ना, बाबा."

यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"शैला, तू सांगते का मी सांगू?"

मी गॅस बंद केला. हात पुसले. पुन्हा पुसले. मग तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. वर्ध्याचं, संस्थेतल्या बाईंचं, अकरा महिन्यांच्या रुजूनं आल्या आल्या यांचा चष्मा ओढला होता त्याचं. आता ही उठेल, ओरडेल, तुम्ही माझे कुणी नाही म्हणेल, अशा तयारीनं मी एकेक शब्द काढत होते. इतकी वर्षं मला भीती होती ती एवढीच.

ती ऐकत राहिली. कपाळाला आठी पडली होती, अवघड गणित सोडवताना पडायची तशी.

"म्हणजे मी दूध प्यायली असती, तरी वाढली नसती?"

"नाही गं, बाळा."

"एवढं सगळं प्यायली असती तरी?"

"तरीसुद्धा नाही."

"म्हणजे माझ्यामुळे नाही झालं."

"नाही. तुझ्यामुळे काहीच नाही झालं."

तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागली. हे उठले, तिच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. मला तिला हात लावायचा धीर होत नव्हता. वाटलं, आई-बाप परके झाले म्हणून रडते आहे पोर.

"रुजू," मी म्हटलं, "अगं, आम्ही तुझेच आहोत गं."

तिनं डोकं वर केलं. नाक, डोळे सगळं लाल.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण मग त्या दिवशी मला माफ कशाचं केलं?"